जाळीवर उमटलेला चेहरा

उद्या तुम्हाला रेडिएशनचा मास्क बनवायला बोलावलं असेल, तर खालचा 'जाळी' हा भाग आधी वाचून घ्या. बाकीचं मागाहून वाचलं तरी काही बिघडत नाही. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी टेबलावरून उठून बाहेर पळालो नसतो.

मी वाळूजला एका मोल्डिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दुचाकीच्या मागच्या दिव्याची घरं, चेनची कव्हरं असला माल आम्ही काढतो. अर्धं आयुष्य प्लॅस्टिकच्या वासात गेलं. कुठलीही वस्तू हातात आली की पहिल्यांदा तिची कड बघायची, ही सवय तिथलीच. बायको मंगल म्हणते, मला बघायला आलात तेव्हासुद्धा तुम्ही चहाच्या ट्रेची कड बघत होतात. ते खरं आहे.

गाठ

दाढी करताना मानेत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दुखत नाही ते दुखणं नाही, असं आपलं एक शास्त्र असतं. मंगलनं मात्र धोशा लावला आणि क्रांती चौकाजवळच्या एका कानघशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरशानं जिभेच्या पार मुळाशी बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे न बघता मंगलकडे बघून बोलत होते. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होतो. त्याच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा राहिला होता. म्हणजे साचा नीट मिटला नव्हता. आमच्याकडे असला माल परत गेला असता. डॉक्टर 'कॅन्सर' म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात हेच चाललं होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. माणसाचं डोकं अशा वेळी कुठंतरी जाऊन बसतं.

बाहेर आलो. चौकात रस्ता ओलांडायला उभे राहिलो आणि मंगलनं माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिनं भर रस्त्यात कधी हात धरला नव्हता. मला तेव्हा खरी भीती वाटली.

मग सुरू झाले प्रश्न. गुटखा खायचा का? तंबाखू? किती वर्षं? मी सुपारीसुद्धा खात नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी कारण सापडत नाही. पण नातेवाइकांना कारण लागतंच. पाहुणे डोळे बारीक करून बघायचे, मनात म्हणत असतील, लपून खात असणार. गंमत अशी की आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते मिसरूड फुटल्यापासून तंबाखू मळत आले होते. माझं कळल्यावर ते पाचोडजवळच्या आमच्या गावाहून एसटीनं एकटेच आले. तासभर बसले. जाताना कमरेची चंची सोडून आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि चपला घालून निघून गेले. त्यानंतर त्यांनी तंबाखूला हात लावला नाही.

जाळी

रेडिएशन साताठ आठवडे चालणार होतं, शनिवार-रविवार सोडून रोज. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली. मधे खंड पडू द्यायचा नाही. लग्न असो, मयत असो, गाडी बंद पडो, काहीही होवो. मधे सोडलं की गाठ पुन्हा जोर धरते. पूर्ण केलं तर बरं होण्याची आशा चांगली आहे. मी मान हलवली. ऐकायला सोपं वाटलं.

किरण नेमक्या जागी पडायचे तर डोकं रोज तसूभर न हलता त्याच जागी हवं. त्यासाठी मास्क. एक पांढरी कडक जाळीची शीट असते, चौकटीत बसवलेली. ती गरम पाण्यात मऊ करतात, ओली गरम तशीच चेहऱ्यावर ओढतात आणि खालच्या फळीला खटके लावून अडकवतात. थंड झाली की ती तुमच्या नाकाडोळ्यांचा आकार घेऊन कडक होते. हे आता सांगतोय. त्या दिवशी मला एवढंच कळलं की काहीतरी गरम, ओलं तोंडावर उतरतंय आणि त्याच्याखाली माझा श्वास संपणार आहे. मी हात मारून ते बाजूला सारलं आणि थेट बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं तिथला टेक्निशियन आला. नदीम नाव, तिशीचा असेल. तो समजूत घालेल असं वाटलं होतं. पण त्यानं विचारलं, "काका, तुम्ही प्लॅस्टिकमधेच आहात ना? मग या, एक चीज दाखवतो."

जुन्या शीटचा तळहाताएवढा तुकडा त्यानं गरम पाण्याच्या टाकीत सोडला. दुधासारखा पांढरा तुकडा बघता बघता काचेसारखा आरपार दिसायला लागला. चिमट्यानं काढून त्यानं तो माझ्या अंगठ्यावर दाबला. सोसेल इतपतच गरम होता. दोन मिनिटांत पुन्हा पांढरा झाला, कडक झाला, आणि माझ्या अंगठ्याची नखासकट टोपी तयार झाली. मी ती काढून उलटसुलट बघितली. अंगठ्यावरच्या जुन्या जखमेचा व्रणसुद्धा तिच्यात उतरला होता.

"आता परत टाका," नदीम म्हणाला.

टाकली. टोपी पुन्हा आरपार झाली, आणि कुणी हात न लावता स्वतःच उलगडत गेली. नख गेलं, व्रण गेला, शेवटी होता तसा सपाट तुकडा पाण्यावर आला. मी आयुष्यभर प्लॅस्टिक वितळवून साच्यात भरलं, पण साचा विसरून आपल्या मूळ आकाराकडे परत जाणारं प्लॅस्टिक बघितलं नव्हतं. आमच्या मालाला पहिलं काही आठवत नाही. चुकला तर दळायचा, दाणा करायचा आणि पुन्हा ओतायचा. हे कसं काय परत जातं, मी विचारलं. नदीम म्हणाला, आतल्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. गरम झालं की सैल पडतात, थंड झालं की आहेत तिथं थिजतात, पण गाठी सुटत नाहीत. म्हणून त्याला पहिली जागा माहीत असते.

मी तो तुकडा आणखी तीनदा टाकायला लावला. नदीम हसायला लागला. मग मी आपणहून आत गेलो आणि टेबलावर झोपलो. जाळी पुन्हा उतरली. या वेळी मी डोळे मिटून तेवढाच विचार केला की आत्ता ती आरपार असेल, आत्ता पांढरी व्हायला लागली असेल. गालावर ती आवळत गेली, पण मी पळालो नाही.

उठताना नदीमनं सांगितलं, "काका, जसे आज आहात तसेच राहायचं. दाढी रोज करता ना, तर रोजच करा. मिशी अशीच. केस कापायचे नाहीत, शेवटपर्यंत." माझे केस दाट, मिशीही भरघोस. मी म्हटलं, मला काय कुठं लग्नाला जायचंय.

पाणी आणि चव

रोजचं सांगण्यासारखं फार नसतं. सकाळी जायचं, बाकावर बसायचं, नंबर आला की आत. भिंतीला लागून एक मांडणी होती आणि तिच्यावर सगळ्यांचे मास्क ओळीनं ठेवलेले असायचे, प्रत्येकावर नाव. मला ते चेहरे बघायची सवय लागली. माणसं बाहेर खोकत बसलेली आणि त्यांचे चेहरे आत रांगेत गप्प. एखाद्या दिवशी एखादा दिसायचा नाही. तो माणूस सुटून घरी गेला असेल, असं मी धरून चालायचो.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटलं. चव गेली. मंगल मऊ खिचडी करायची, मुगाचं कढण करायची, आणि मी म्हणायचो चिखल आहे. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं वाटी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मला पण चव नाही राहिली. पण मी खाते ना?" त्यानंतर आम्ही दोघं ते कढण प्यायलो. घरात आजारी माणूस एक असतो, पण आजारपण सगळ्यांचं होतं. आजाऱ्याला हे फार उशिरा कळतं.

तोंडातल्या फोडांसाठी डॉक्टरांनी एक औषध दिलं होतं. बाटली फ्रिजमधे ठेवायची. थंड असताना पाण्यासारखं पातळ, तोंडात घेतलं की जागच्या जागी घट्ट होऊन फोडांवर बसायचं. जेवणापुरती आग थांबायची. मी एक थेंब तळहातावर घेतला आणि एक फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या थंड ताटलीवर टाकला. हातावरचा गोठला, ताटलीवरचा वाहत राहिला. तूप गरमीनं पातळ होतं, हे गरमीनं घट्ट. मंगलला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, आता औषधाशी खेळा. पण तिनंही एक थेंब बोटावर घेऊन बघितला.

डॉक्टरांना विचारलं तर त्यांनाही सांगायला आवडलं. अशी बरीच द्रव्यं आहेत म्हणाले. काही गोळ्यांवर असा लेप असतो की जठरातल्या आंबट पाण्यात तो विरघळत नाही, पुढं आतड्यात गेल्यावरच सुटतो. आपण कुठं आहोत हे त्याला आजूबाजूवरून कळतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. तोंड जळत होतं, वजन घटत होतं, मास्क किंचित ढिला होऊ लागला होता आणि नदीम रोज गालाशी बोट घालून बघत होता. तरी कुतूहल शिल्लक होतं. ज्या दिवशी काही विचारावंसं वाटायचं नाही, तो दिवस सगळ्यात वाईट जायचा.

दादा

एका शुक्रवारी संध्याकाळी धाकट्या भावाचा, नामदेवचा, फोन आला. दादा शेतातून आले, ओसरीवर बसले आणि बसल्या जागीच गेले.

शनिवारी सकाळी मी अग्नी दिला. रडायला गेलो तर घसा इतका सुजलेला की आवाज निघेना. रविवारी रात्रीच्या आत परत आलो, सोमवारी मशीनखाली झोपलो. खंड पडला नाही. पण त्या जाळीखाली डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि मला हात लावता येत नव्हता.

पुढचा प्रश्न दहाव्याचा होता. आमच्याकडे दहाव्याला पैठणच्या घाटावर मुलगे डोकं आणि मिशी उतरवतात. थोरल्यानं तर उतरवायचीच. दहावा रविवारी येत होता, म्हणजे जाण्यायेण्याची अडचण नव्हती. अडचण केसांची होती. खरं सांगतो, मला कुणाच्या धाकानं नाही, मनापासून केस द्यायचे होते. माझ्यासाठी चंची टाकणाऱ्या माणसाला मी दुसरं काय देणार होतो?

नदीमला विचारलं. केस गेले तर मास्क आतून पोकळ पडेल, डोकं हलेल, तो म्हणाला. मी म्हटलं, आत पातळ फोम लावू. कारखान्यात ढिल्या भागात आम्ही पट्टी घालतोच. त्यानं मान हलवली. फोम रोज सारखा दबेल कशावरून? मग मी माझा हुकमी उपाय काढला. हाच मास्क पुन्हा गरम करा आणि माझ्या बोडक्या डोक्यावर बसवा.

"काका, तुम्हीच तर बघितलं," तो म्हणाला. "गरम केला की ये पूरा विसरणार. तुमचा सगळा नकाशा याच्यावर आहे."

डॉक्टरांनी तेच सांगितलं. नवा मास्क, नवा स्कॅन, नवी आखणी, आणि तोवर मधले दिवस कोरडे. तुम्ही ठरवा, म्हणाले, पण मी 'नको' म्हणतोय हे लक्षात ठेवा. मी त्या दिवशी मांडणीवरचा माझा चेहरा बराच वेळ बघत उभा राहिलो. दाट केसांचा, मिशीचा, बाप जिवंत असलेल्या माणसाचा चेहरा. त्या प्लॅस्टिकला एका वेळी एकच चेहरा धरता येत होता, आणि मला बरं व्हायचं तर तोच चेहरा घेऊन रोज त्याच्याखाली जाणं भाग होतं.

घाटावर

मी न्हाव्यासमोर बसणार नाही, हे मी फक्त मंगल आणि नामदेवला सांगितलं होतं. आईला सांगायची हिंमत झाली नाही. तिला मास्कमधलं काही कळणार नाही, असंही मी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

घाटावर नामदेवची हजामत झाली. मग न्हाव्यानं माझ्याकडे बघितलं. मी तात्यांना, म्हणजे दादांच्या चुलतभावाला, मास्कचं सांगायला लागलो. सुजलेल्या घशातून शब्द अर्धेच बाहेर पडत होते. तात्या ऐकत होते, पण त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं की प्लॅस्टिकपायी बापाचे केस राहतात हे त्यांच्या पचनी पडत नाही.

"लई शिकलेली मानसं बघितली, पन बापाला केस मोजून देनारा नाय बघितला," ते म्हणाले. भावकीतली दोनचार माणसं खाली बघायला लागली. माझी मान इतकी गरम झाली की वाटलं, बसावं आणि एकदाचं उतरवावं. काय व्हायचं ते होईल. मी सदऱ्याची गुंडी सोडलीसुद्धा.

आई बायकांत बसून सगळं ऐकत होती. ती उठून मधे आली. "इष्णू, न्हाव्यापुढं बसायचं नाय."

"वैनी, रीत हाय," तात्या म्हणाले.

"व्हय, हाय. पन ह्याचा बाप आसता तर त्यानंच न्हाव्याला हाकलून लावलं आसतं. त्यो गेला म्हनून काय मी पोरगं बी घालवू?"

न्हाव्यानं वस्तरा पुसून पेटीत ठेवला. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागेल आणि खापर माझ्या केसांवर फुटेल, असं मी धरून चाललो होतो. पण पिंड ठेवून आम्ही मागं सरतो न सरतो तोच कावळा येऊन घास घेऊन गेला. तात्यांचा थोडा हिरमोडच झाला असावा.

परत येताना गाडीत आईनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, त्या जाळीत श्वास घेता येतो का रे. मी म्हटलं, भोकं असतात तिला. मग सबंध रस्ता मी तिला ती शीट पाण्यात कशी आरपार होते, गार झाली की आकार कशी धरते ते सांगत आलो. तिला सगळं कळलं. तिच्या एकाच प्रश्नावर मी अडलो. त्या प्लॅस्टिकला आपला पयला आकार आठवतो, तर त्याला तुझं तोंड धरून ठेवायला जड जात नसंल का?

परात

उपचार खंड न पडता पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी नदीमनं मास्क माझ्या हातात दिला. बरेच जण तो तिथंच टाकून जातात, म्हणाला. मी घरी आणून माळ्यावर ठेवला. काही महिन्यांनी तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, सध्या कुठं काही दिसत नाही. 'सध्या' हा शब्द मी ऐकला, पण बाकीचं वाक्यही ऐकलं. बाहेर येऊन मंगल इतकी रडली की शेजारच्या बाकावरच्या बाईनं तिला वाईट बातमी समजून पाणी आणून दिलं.

त्या आठवड्यात मी मास्क घेऊन गावी गेलो. आईनं चुलीवर पाणी तापवलं आणि मोठ्या परातीत ओतलं. नामदेव, त्याची बायको, मंगल, सगळे भोवती बसले. मी मास्क पाण्यात सोडला. आधी नाकाचा शेंडा आरपार झाला, मग गाल, मग मिशीवरचा फुगवटा. मग हळूहळू सगळं बसत गेलं, आणि चौकटीत एक सपाट जाळी उरली.

"गेला?" आईनं विचारलं.

"गेला."

तिनं बोट लावून बघितलं, गरम होतं म्हणून काढून घेतलं. मग पदराला हात पुसत नामदेवला म्हणाली, जा, न्हाव्याला बोलव.

न्हावी आला. अंगणात पोत्यावर मला बसवलं. आता कुठला दहावा नव्हता, घाट नव्हता, तात्या नव्हते. माझं मन भरून आलं होतं आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. आधी मिशी उतरली. मग कपाळापासून वस्तरा मागं फिरत गेला, मांडीवर केसांचे पुंजके पडत राहिले. मानेवर आल्यावर न्हाव्याचा हात थांबला. किरण जिथून आरपार बाहेर पडायचे, तिथले केस उपचारातच झडून गेले होते आणि पुन्हा आले नव्हते. ती जागा मला दिसायची नाही, म्हणून माझ्या लक्षातच राहिली नव्हती. न्हाव्यानं बोटानं चाचपून बघितलं.

"हितलं आधीच काढलंय की कुनीतरी," तो म्हणाला.

आई ओट्यावर बसली होती. "त्याच्या बापानं काढलं आसंल," ती म्हणाली. "तू ऱ्हायलेलं कर."